तीनचाकी बाइकला पुढे कुठला टायर: रिबचा की मागच्या चाकाचा?

खानापूरच्या एका दादांची बाइक मागे दोन चाकं जोडून तीनचाकी केलेली आहे. पुढचा टायर बदलायचा आहे: नेहमीचा २.७५-१८ (इंचात रुंदी आणि रिमचा व्यास) रिबचा, म्हणजे गोल फिरणाऱ्या सलग उभ्या रेघांचा घ्यावा, की ३.००-१८ ठोकळ्यांच्या नक्षीचा, मागच्या चाकाचा?

तीनचाकी वळताना कलत नाही. वळणाचा सगळा जोर पुढचा टायर आडवा सोसतो, म्हणून त्याच्या कडा आधी झिजतात. रिबच्या टायरचं रबर मुळात पातळ. चोर्ला घाटासारख्या वळणांवर तो लवकर संपतो. मागच्या टायरचं रबर जाड, भार पेलायची ताकद जास्त. किंमत थोडी अधिक, पण टिकाऊपणात ती वसूल होते, असं माझं स्पष्ट मत.

हँडल मात्र रिबवर हलकं राहतं. तीनचाकीचं हँडल आधीच जड, त्यात रुंद टायर म्हणजे खांदे भरून येणार. पावसाळ्यात शेतवाटेच्या चिखलात ठोकळेच बरे.

खरी काळजी मागच्या चाकाचा टायर पुढे बसवताना. पुढे मुख्य जोर ब्रेकचा, म्हणून त्याच्यावरचा फिरण्याची दिशा दाखवणारा बाण सहसा उलटा ठेवतात. टायरवर पुढच्या चाकासाठी वेगळी खूण असेल तर तीच पाळायची. फोर्क आणि मडगार्डला टायर घासत नाही ना, रिमची रुंदी चालते ना, हे आधी बघा. रिममध्ये बसणाऱ्या कडांना साबणाचं पाणी लावा, ट्यूब चिमटू देऊ नका.

बेळगाव शहरातच फिरणाऱ्याने, किंवा हातात जोर कमी असलेल्याने रिब घ्यावा. घाट, ओझं आणि कच्चा रस्ता रोजचा असेल तर मागचा.