ब्विंडीतील वृक्षनेचे ओळखण्याची मार्गदर्शित पदभ्रमंती : एक अभिप्राय

युगांडातील ब्विंडीच्या अरण्यात, जे 1994 पासून जागतिक वारसा स्थळ आहे, बहुतेक पर्यटक गोरिलांसाठी येतात. मी मात्र वृक्षनेचा (झाडासारखे उभे खोड असलेला नेचा, म्हणजेच फर्न) पाहण्यासाठी वाटाड्यासह अर्ध्या दिवसाची पदभ्रमंती घेतली. पाण्याच्या ओहोळालगतच्या दमट, सावलीच्या घळीत उभा असलेला सडपातळ खोडाचा नेचा त्याने लगेच दाखवला, पण नाव विचारताच केवळ ‘ट्री फर्न’ एवढेच सांगितले, ही या सेवेची मोठी उणीव होय.

ओळख पटवणे वस्तुतः कठीण नव्हते. पर्णदेठांवर आणि गळालेल्या पानांच्या बुंध्यांवर तीक्ष्ण, गडद काटे असल्याने (माझा तळहात त्याची साक्ष देईल) तो अल्सोफिला मॅनियाना, म्हणजेच पूर्वीचा सायथिया मॅनियाना, हे स्पष्ट झाले. गुस्टाव्ह मान या वनस्पतिसंग्राहकाचे नाव त्याला मिळाले आहे. याउलट अल्सोफिला ड्रेगेई हा दुसरा वृक्षनेचा जाड खोडाचा असून उघड्या गवताळ प्रदेशातील ओढ्यांकाठीही वाढतो.

वाट दाखवण्यात आणि थांबण्यास पुरेसा वेळ देण्यात वाटाड्या उत्तम होता. पानाच्या मागील बीजाणुपुंज (बीजाणूंचे बारीक ठिपके) पाहण्यासाठी भिंग मात्र स्वतःच न्यावे.