५ एचपी सौर कृषी पंप, १४ महिन्यांनंतर: एकर मोजले, खोली मोजायची राहिली

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतला ५ एचपीचा डीसी सबमर्सिबल, ७० मीटर हेडचा. हेड म्हणजे खोली, दाब आणि चढ धरून पाणी एकूण किती उंच रेटायचं ते. प्लेटा ४,८०० वॉटच्या. बोअरवर बसवलेला आणि सगळं पाणी ठिबकला. दोन उन्हाळे आणि एक पावसाळा झाल्यावर मत असं बनलं आहे की यंत्र चांगलं आहे, ते निवडायचा नियम अर्धवट आहे.

नियम सगळ्यांना पाठ आहे. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५, त्यापुढे साडेसात. शेतकऱ्याचा वाटा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के, उरलेले पैसे केंद्र आणि राज्य मिळून भरतात. म्हणजे एचपी सातबारा बघून ठरते. पाणी किती खोलवरून उचलायचं आहे हा प्रश्न नंतर, पाहणीच्या दिवशी येतो, आणि तिथेही घाईघाईत उरकला जातो.

त्याने काय फरक पडतो ते कंपनीच्या कागदावरच दिसतं. ४,८०० वॉटचा डीसी पंप स्वच्छ उन्हाच्या दिवशी ५० मीटर हेडला सुमारे १ लाख लिटर पाणी देतो, ७० मीटरला ६७ हजार, १०० मीटरला जेमतेम ४५ हजार. पंप ५ एचपीचाच, पाणी निम्म्याहून कमी. आता रानाचा हिशेब लावा. एका एकरावर १ लाख लिटर पसरलं तर थर होतो अडीच सेंटिमीटरचा. गव्हाला पाटाने पाच-सहा सेंटिमीटर भरायचं म्हटलं तर एका एकराला दोन दिवस, पाच एकरांची पाळी संपायला दहा-बारा दिवस, तेही ५० मीटर हेडला आणि कडक उन्हात. ठिबकवर रोज ५ मिलिमीटर धरलं तर तेच १ लाख लिटर पाच एकरांना पुरतं. ७० मीटर हेडला मात्र सव्वातीन एकरच होतात. ‘पाच एकरांना ५ एचपी’ हे समीकरण उथळ विहिरीपुरतं खरं आहे.

त्यामुळे पाहणीला माणूस येण्याआधी हेडचा हिशेब आपण करून ठेवायचा. पाण्याची पातळी मे महिन्यातली धरायची, श्रावणातली नाही. बोअरला पावसाळ्यानंतर ५० फुटांवर पाणी दिसतं, तेच मेमध्ये पंप चालू असताना १३० फुटांवर जातं. १३० फूट म्हणजे ४० मीटर. ठिबकला सव्वा किलो दाब हवा, म्हणजे आणखी १२ मीटर. पाइप, फिल्टर आणि चढ यांचे पाच-सहा. बेरीज ५७-५८. इथे ५० मीटरचा पंप घेतला तर तो डिसेंबरपर्यंत झकास चालतो आणि ऐन उन्हाळ्यात ठिबकच्या टोकाला पाणी पोचत नाही. तक्रार केली तर ‘मोटार चालू आहे’ एवढंच उत्तर मिळतं, आणि ते खोटंही नसतं. उलट बाजूने, सुरक्षित म्हणून १०० मीटरचा मागून घेणंही चूक, कारण मग वर्षभर कमी पाण्यावर भागवावं लागतं.

सकाळचा अनुभव बहुतेकांना चकवतो. आठला मोटार फिरायला लागते, कंट्रोलरवर आकडे दिसतात, पाणी मात्र येत नाही. यात बिघाड काही नाही. ऊन निम्मं असतं तेव्हा मोटारीचा वेग ८० टक्क्यांच्या आसपास असतो. हेड वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात पडतं, म्हणजे ६४ टक्क्यांवर येतं. पूर्ण वेगात जास्तीत जास्त १०० मीटरपर्यंत रेटणारा पंप त्या वेळी ६४ मीटरवरच दमतो. गरज ५८ ची असेल तर थेंब थेंबच येणार. ठिबकला धरून चालण्यासारखी वेळ साडेनऊ ते साडेतीन, हिवाळ्यात त्याहून कमी.

म्हणूनच वीजपंपाच्या हिशेबाने पाडलेले व्हॉल्व्ह सौरपंपाला चालत नाहीत. ७० मीटर हेडचा हा पंप भर दुपारी ताशी साधारण ९,४०० लिटर देतो. भाजीपाल्याला पाच फुटांवर लॅटरल (ओळीतली ठिबक नळी) आणि ४० सेंटिमीटरवर ड्रिपर धरला तर एकरात सुमारे ६,७०० ड्रिपर बसतात. ते ताशी ४ लिटरचे असतील तर एकराला ताशी २७ हजार लिटर लागतात! एक एकर एका व्हॉल्व्हवर ठेवलं तर शेवटच्या ओळी कोरड्या राहणारच. पंपाच्या दुपारच्या पाण्याचे ७० टक्के धरून भाग पाडावेत. ४ लिटरच्या ड्रिपरला एका व्हॉल्व्हवर १० गुंठे, २ लिटरच्या ड्रिपरला २० गुंठे. व्हॉल्व्ह वाढतात आणि दुपारी हेलपाटे पडतात, पण पाणी सगळीकडे सारखं मिळतं. व्हेंचुरीने (दाबाच्या फरकावर खत ओढणाऱ्या नळीने) खत सोडणं आणि सँड फिल्टरचं बॅकवॉश, म्हणजे उलट पाणी सोडून धुणं, ११ ते २ मध्येच करायचं. कमी दाबावर व्हेंचुरी खत ओढत नाही, आणि बॅकवॉशला वाळू उचलली गेली नाही तर घाण आतच राहते.

ढगाळ दिवसाचं कमी पाणी एक वेळ चालतं, खरा ताप वेगळाच. ढग येऊन जातात तशी मोटार दिवसातून दहा वेळा बंद-चालू होते. प्रत्येक वेळी बंद पडताना सबमेनमधलं (लॅटरलना पाणी देणाऱ्या पाइपातलं) पाणी उताराकडे जातं, लॅटरलमध्ये पोकळी होते आणि ड्रिपर बाहेरचा गाळ आत ओढतात. इनलाइन (आतच ड्रिपर असलेली) नळी एका हंगामात चोंदण्याचं हे मोठं कारण आहे, आणि दोष मात्र क्षारांना दिला जातो. प्रत्येक सबमेनच्या उंच टोकाला हवा आत घेणारा एअर व्हॉल्व्ह लावा. खर्च किरकोळ आहे.

देखभाल नाही असं सांगून हे पंप दिले जातात, ते खरं नाही. प्लेटा पंधरवड्याला, ज्वारी-बाजरीच्या मळणीच्या दिवसांत आठवड्याला पुसाव्या लागतात, त्याही सूर्य वर यायच्या आधी. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये. बोअरचं जड पाणी तसंच वाळलं की पांढरा थर बसतो आणि तो नंतर घासून निघत नाही. म्हणून शेवटचा हात गोड्या पाण्याचा आणि मऊ कापडाचा. सगळ्या प्लेटा एका माळेत जोडलेल्या असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावर बाभळीची सावली पडली तरी फटका त्या कोपऱ्यापेक्षा मोठा बसतो. ढाच्याला कोन बदलायची सोय असेल तर उन्हाळ्यात प्लेटा जवळजवळ आडव्या आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे चांगल्या कलत्या ठेवा. रब्बीत पाण्याचा फरक डोळ्यांना दिसतो. कंट्रोलरच्या तळाची केबलची भोकं पक्की बंद हवीत. मुंग्या आणि पाली आत शिरून बोर्ड जाळतात.

पाया खणताना समोर उभं राहा. काळ्या मातीत ठेकेदार वरच्यावर खड्डा घेऊन काँक्रीट ओततो. उन्हाळ्यात जमीन भेगाळली की खांब हलतो आणि वळिवाच्या वाऱ्यात ढाचा मोडतो. मुरूम लागेपर्यंत खोदून घ्या.

एक गोष्ट घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा. माळेत नऊ प्लेटा असतील तर चारशे व्होल्टच्या वर डीसी करंट असतो. ऊन असताना प्लेटांची जोडणी ओढून काढली तर ठिणगी विझत नाही. आधी कंट्रोलर बंद, मग डीसी स्विच, मगच हात. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी ओतत राहा.

वीजपंपाशी तुलना करायची तर बिलावरून करू नये. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून राज्यात वीज मोफत आहे, त्यामुळे बिल वाचलं हा मुद्दा उरत नाही. सौरपंपाचं मोल वेळेत आहे. रात्रपाळीच्या विजेसाठी दारं धरायला अंधारात जाणं, बिबट्या, साप, जळलेला डीपी आणि त्यासाठी गोळा केलेली वर्गणी, हे सगळं टळतं. ज्या गावात फीडर (शेतीची वीजवाहिनी) सौर होऊन दिवसा पूर्ण आठ तास वीज मिळते आणि वीजजोडणी आधीपासून आहे, तिथे हा फायदा बराच कमी होतो.

एजन्सी निवडायचा हक्क शेतकऱ्याला आहे, तो दर्जाच्या गप्पांवर खर्च करू नका. तालुक्यात त्यांचा दुरुस्तीचा माणूस आहे का, आणि आधी बसवलेल्या चार पंपांवर तो किती दिवसांनी आला, एवढंच विचारा. बसवल्याच्या दिवशी भर दुपारी बोअरच्या तोंडाशी २०० लिटरचा ड्रम किती सेकंदांत भरतो ते मोजा, त्या दिवशीची पाण्याची पातळी आणि कंट्रोलरवरचा आकडा लिहा आणि फोटो काढा. सहा महिन्यांनी पाणी कमी वाटलं तर तक्रारीला हाच पुरावा लागतो. पाच वर्षं दुरुस्ती आणि विमा योजनेत आहे, पण वाऱ्याने नुकसान झालं तर पंचनामा आणि चोरी झाली तर एफआयआर लगेच हवा.

पाच वर्षांनंतरचा विचार मोटार निवडतानाच करावा लागतो. चुंबकाची बीएलडीसी मोटार कमी उन्हातही पाणी देते, पण तालुक्याच्या वाइंडिंगवाल्याकडे ती भरून मिळत नाही आणि तिला तिचाच कंट्रोलर लागतो. थ्री-फेज एसी मोटार थोडं कमी पाणी देते, पण जळाली तर दोन दिवसांत वाइंडिंग होऊन परत बोअरमध्ये जाते. बोअर खोल असेल आणि आसपास त्या कंपनीचं केंद्र नसेल, तर एसीच घ्यावी.