२० लिटरची काचेची बाटली : बाटली बरी, मूठ बेकार

तीन स्टार देऊन राहिली, तेही फक्त बाटलीचे. सोबत बाटली उचलायची जी मूठ आली तिचे वेगळे स्टार द्यायची सोय असती तर एकही दिला नसता, उलट माझ्या पायाच्या सात टाक्यांचा खर्च वळता करून घेतला असता.

आधी बाटली कशाला घेतली ते सांगते, नाहीतर फोटो पाहून लोक भलतंच समजतात, गावात तर समजून मोकळे झालेच आहेत. आमचं गाव वरुड तालुक्यातलं, घरची संत्र्याची झाडं. आंबिया बहाराचा माल व्यापारी तोडून नेतो आणि मागे जी चुरी राहते, म्हणजे बारकी फळं, तिला कोणी हिंग लावून विचारत नाही, ढोरंसुद्धा दोन दिवसांनी तोंड फिरवतात. तर आमच्या बचत गटातल्या सहा जणी मिळून ठरवलं की याचा सिरका, म्हणजे व्हिनेगर करू, शहरात लोक सफरचंदाचा सिरका शंभर-दोनशे मोजून घेतात, आपला संत्र्याचा का नाही घेणार. सिरक्याचं असं असतं की रस आधी आंबतो, त्यातली साखर जाऊन अल्कोहोल होतं, मग त्याला हवा लागू दिली की त्याचा सिरका होतो. पहिल्या भागाला हवाबंद भांडं लागतं, म्हणून ही बाटली. (पहिल्या भागातलं दोन घोट चाखून पाहू म्हणणारे नग प्रत्येक घरात असतात, त्यांना सांगा की महाराष्ट्रात लायसनशिवाय घरी दारू करणं हा १९४९ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आमच्या शेजारचा वर्धा जिल्हा तर अख्खा दारूबंदीचा.)

पुतण्याने मोबाईलवर शोधून दोनचा जोड मागवला, एक बाटली सव्वातीन हजाराला पडली. कुरिअरवाला गावात येत नाही, वरुडच्या स्टँडवर बोलावतो, तिथून जीपमध्ये मांडीवर घेऊन आलो. पॅकिंग चांगलं, थर्माकोल भरपूर, बाटली हातात घेतली की जड, रिकामीच सहा-सात किलोची. काच स्वच्छ, उजेडाला धरली तर एकीच्या बुडाशी तांदळाच्या दाण्याएवढा हवेचा बुडबुडा दिसला, तेव्हा मी म्हटलं चालायचंच, बांगडीतही असतो. आता असा बुडबुडा दिसला तर मी बाटली परत करीन. सोबत रबरी बूच, बुचात बसवायची ती पाणी भरलेली वाकडी नळी, जिच्यातून आतला वायू बुडबुडे होऊन बाहेर जातो, आणि एक स्टीलची मूठ जी बाटलीच्या गळ्याला स्क्रूने आवळायची.

चांगलं आधी सांगते. काचेला वास लागत नाही. आमच्या घरच्या प्लास्टिकच्या डब्याला तीन वर्षांपूर्वीच्या लोणच्याचा वास अजून येतो, हिला राखेने नाही, साध्या साबणाने विसळलं की झालं. चरे पडत नाहीत म्हणून आत घाण दडून बसत नाही. आतलं सगळं दिसतं, गाळ किती बसला, फेस कुठवर आला. आणि ते बुडबुडे! पोट्टे टीव्ही सोडून बाटलीसमोर बसायचे, एका मिनिटात किती बुडबुडे निघाले ते मोजायचे.

पण बुडबुडे म्हणजे काय ते आम्हाला तिसऱ्या रात्री कळलं. रस गाळताना आम्ही घाई केली, चोथा राहिला, आणि बाटली पार गळ्यापर्यंत भरली, कारण रिकामी जागा ठेवायची असते हे कोणी सांगितलंच नाही. फेसाबरोबर चोथा वर चढला आणि नळीत अडकून बसला. रात्री दोनच्या सुमारास फटाक् आवाज झाला, सासूबाईंना वाटलं टिनावर माकड पडलं. पाहतो तर बूच वरच्या टिनाला लागून चुलीजवळ पडलेलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर संत्र्याचा सडा. सगळे हसलो. माझी जाऊ म्हणाली, उद्यापासून बूच तारेने बांधून टाकू, म्हणजे उडणार नाही.

बरं झालं बांधलं नाही. पुतण्या बारावी सायन्सचा, त्याने कागदावर हिशेब करून दाखवला. संत्र्याच्या एक लिटर रसात साधारण १०० ग्रॅम साखर धरली तर १८ लिटरात झाली १ किलो ८०० ग्रॅम, आणि आंबताना साखरेच्या जवळपास निम्म्या वजनाचा कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो वायू मोकळा केला तर साडेचारशे लिटरच्या वर भरतो. डिझेलचे दोन ड्रम भरून उरेल एवढा. एका दिवसात नाही सुटत, पण सुटतो तेवढा सगळा, आणि त्याला वाट नाही दिली तर एकतर बूच जाणार नाहीतर काच. आमचं नशीब की बूच ढिलं होतं. दुसऱ्या दिवशी गवंड्याचा असतो तसा नवा कोरा लेव्हल पाइप आणला, एक टोक बुचात, दुसरं पाण्याच्या बादलीत, आणि बाटली वरून चार बोटं नाही तर चांगली वीतभर रिकामी ठेवली. फेस ओसरल्यावर मग ती नाजूक नळी परत लावली. त्यानंतर काही झालं नाही.

म्हणजे वायूचं एवढं भ्यायचं कारण नाही, त्याला वाट दिली की तो गरीब आहे. भ्यायचं असेल तर बाटली उचलायला भ्या.

आता खरं काय झालं ते. दहा-बारा दिवसांनी बुडबुडे थांबले, आता रस पसरट भांड्यात काढायचा होता, कारण दुसऱ्या भागाला हवा लागते आणि या बाटलीचं तोंड एवढंसं, त्यात सिरका व्हायला जन्म जाईल. (हेही लिहून ठेवते, सिरक्यासाठी घेत असाल तर ही बाटली अर्ध्याच कामाची आहे, अर्धं काम तुमच्या आजीची लोणच्याची चिनी मातीची बरणी करते, तोंडाला सुती फडकं बांधून.) तर बाटली ओसरीतून आतल्या खोलीत न्यायची होती. भरलेल्या बाटलीचं वजन पंचवीस किलोच्या आसपास. पंचवीस किलोचं आम्हाला काय कौतुक, पाण्याचे दोन गुंड, म्हणजे घागरी, डोक्यावर आणि एक कडेवर घेऊन आमच्या आया विहिरीवरून येत होत्या. पण गुंडाला कमर असते, तो कडेवर बसतो. डोक्यावर चुंबळ घातली की हलत नाही. ही बाटली ना कडेवर बसते ना डोक्यावर, पोटाशी धरली तर बांगड्या काचेवर किणकिण वाजतात आणि ओल्या हातातून ती साबणाच्या वडीसारखी सरकते. म्हणून म्हटलं मूठ आहे ना, मुठीने उचलू. जाहिरातीच्या फोटोत एक बाई हसत हसत एका हाताने भरलेली बाटली घेऊन चाललेली दाखवली आहे.

मी मूठ धरली, जावेने बुडाखाली हात लावला. चार पावलं गेलो. गळा ओला होता, मुठीचं कडं त्यावर फिरलं, बाटली तिरपी झाली, जावेचा हात सुटला आणि बुडाची कड फरशीला लागली. पडली नाही हो, फक्त लागली, चार बोटांवरून. फटाक्यासारखा आवाज पण नाही, नुसतं टक्. आणि बूड ताटलीसारखं गोल सुटून खाली राहिलं. अठरा लिटर रस एका दमात पायावर. मी उभी, हातात मूठ, मुठीत बाटलीचा गळा घट्ट आवळलेला, खाली अर्धी बाटली शिंगासारखी टोकं घेऊन लोंबकळत होती, आणि मला वाटलं वाचलो. मग जाऊ ओरडली, वहिनी पाय पाहा. रस पिवळा असतो ना, त्यात लाल एकदम दिसतं.

वरुडला दवाखान्यात नेलं, सात टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन. साडीला जो आंबूस वास येत होता त्यावर डॉक्टर काही बोलले नाहीत, नर्सबाईंनी मात्र विचारलंच, मोहाची काढून राहिल्या होत्या का. म्हटलं नाही बाई, सिरका. त्या म्हणाल्या सगळे असंच म्हणतात. घरी आलो तर चिलटांचा ढग, ते आठ दिवस गेले नाहीत, आणि काचेचे बारीक तुकडे होळीपर्यंत सापडत होते. डॉक्टर म्हणाले हातावर आलं असतं तर जास्त वाईट, मनगटाजवळ बोटं वळवणारे स्नायूंचे दोर असतात, ते कापले की बोट वळत नाही. तेव्हा जावेच्या मनगटाकडे पाहून मला घाम फुटला, बुडाखाली तिचाच हात होता.

नंतर पुतण्याने मुठीचं पाकीट शोधून काढलं. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरात लिहिलेलं, ही मूठ फक्त रिकाम्या बाटलीसाठी. फोटोत भरलेली आणि पाठीमागे रिकामी! मराठी सोडा, हिंदीतही एक ओळ नाही. विकणाऱ्याला कळवलं तर उत्तर आलं की नाजूक वस्तू, वापरताना फुटल्यास जबाबदारी नाही, कृपया रेटिंग द्या. म्हणून देऊन राहिली.

अशा बाटल्या अमेरिकेत घरी बिअर करणारे लोक वापरत आले. तिकडे १९७८ मध्ये कायदा बदलून घरी बिअर करायला मोकळीक मिळाली. त्यांचं माप ५ गॅलन, म्हणजे जवळपास १९ लिटर, आपली २० ची त्याच जातीची. आणि त्यांच्यातलेच कितीतरी लोक आता प्लास्टिककडे नाहीतर स्टीलकडे वळलेत, अशीच हातपाय कापलेली उदाहरणं पाहून. जे काच सोडत नाहीत ते बाटली प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवतात नाहीतर खालून पट्टे घेऊन उचलतात, गळ्याला धरून नाही. आता क्रेट म्हणजे आपलं कॅरेट! संत्र्याचे पन्नास कॅरेट घरात एकावर एक रचलेले आणि आम्ही मुठीने उचलत होतो.

उरलेली दुसरी बाटली आता कॅरेटमध्ये, खाली बारदान्याची घडी, बाटलीच्या बुडाला जुन्या साडीची चुंबळ. रस भरायच्या आधीच ती तिच्या जागी बसवतो, भरल्यावर हलवायचीच नाही. रस काढायचा तर ट्रॅक्टरच्या टाकीतून डिझेल काढतो तशी नळी, फक्त तोंडाने ओढायची नाही, नळीत आधी पाणी भरून घ्यायचं. बाटली उंचावर, बरणी खाली, अर्ध्या तासात गाळ न हलता सगळं खाली येतं. आणि घरात सगळ्यांना बजावून ठेवलं आहे, बाटली सुटली तर सुटू द्या, झेलायला जायचं नाही. हे सांगायला सोपं, सव्वातीन हजाराची वस्तू पडताना बाईमाणसाचा हात आपोआप पुढे जातो, म्हणून दोनदा सांगते.

धुताना पण जपून. ही साधी बाटलीची काच आहे, प्रयोगशाळेतली गरम सोसणारी नाही. जानेवारीत सकाळी बाटली बर्फासारखी असते, त्यात चुलीवरचं उकळतं पाणी ओतलं की तडा. तडा लगेच दिसेलच असंही नाही, पुढच्या वेळी भरल्यावर दिसतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, अंगणात तापलेल्या बाटलीत विहिरीचं गार पाणी टाकणं म्हणजे पण तेच. कोमट पाणी घ्या आणि थोडं थोडं.

कोणी म्हणेल मग सरळ प्लास्टिकचा ड्रम घ्या. घ्या ना, पुढच्या हंगामाला आम्ही पण खाण्याच्या वस्तू ठेवायच्या प्लास्टिकचा, रुंद तोंडाचा, खाली तोटीवाला घेणार आहोत, फक्त घासणीने घासायचा नाही. पण हात जोडून सांगते, घरातला फवारणीच्या औषधाचा ड्रम धुऊन वापरू नका. दहा पाण्यांनी धुतला तरी नाही. २०१७ ला यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली ते आपण पाह्यलं आहे. त्या ड्रमापेक्षा ही काच हजारदा बरी, म्हणूनच तीन स्टार, नाहीतर एकच देणार होती.

सिरका छान झाला, थोडा कडवट आहे कारण पहिल्या वेळी साल आणि बिया नीट काढल्या नव्हत्या. फुटलेल्या बाटलीची मूठ सासऱ्यांनी गोठ्यात खुंटीला टांगली आहे, तिला दाव्याची गुंडाळी अडकवतात. म्हणतात, सव्वातीन हजारातली एवढी एकच वस्तू कामाची निघाली.