रेअर व्हाइट मर्लच्या नावाखाली बहिरं पिल्लू : माझे ४५,७०० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

हे लिहायला दीड महिना लागला, कारण लाज वाटत होती. पण बातमी गावात आधीच फिरली आहे. पारावर लोक "काय भाऊ, ऐकू आलं का?" असं विचारून हसतात. आता लपवायचं काय?

मी यावल तालुक्यातला केळीवाला. सोबत ३५ बकऱ्या आहेत. त्या शेजाऱ्याच्या कपाशीत घुसतात आणि रोजचं भांडण होतं. मोबाइलवर बॉर्डर कोली या मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्याच्या जातीचे व्हिडिओ बघितले. मालक लांबून शिट्टी मारतो, कुत्रा वळसा घालून मेंढ्या गोळा करतो, दुसऱ्या शिट्टीला जागीच बसतो. ते डोक्यात बसलं. कोणी हौस म्हणो, मी कामासाठीच घेत होतो. रंगासाठी नाही. निदान सुरुवातीला तरी नाही.

विकणारा पुण्याकडचा. मी साधा काळा-पांढरा मागितला होता, २२,००० चा. तो म्हणाला, "भाऊ, तसा तर कोणाकडेही असतो." मग ब्ल्यू मर्ल दाखवला, राखाडी अंगावर काळे शिंतोडे, ३०,०००. आणि शेवटी काढलं "रेअर व्हाइट मर्ल". डोकं पांढरं, कान पांढरे, पाठीवर दोन राखाडी डाग, दोन्ही डोळे निळे. ३८,०००. "लाखात एक निघतो, सर." भाऊचा सर झाला तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

आई-बापाचे फोटो मी स्वतः मागितले, एवढी अक्कल होती. दोघंही शिंतोड्यांचे, मर्ल. मी खूश! आपण गोऱ्हा घेताना आई-बाप बघतो ना, तसं वाटलं, दोघं सारखे म्हणजे जात पक्की. आणि खरी गोम तिथेच होती, ती त्याने माझ्याच हातात दिली होती. मर्लचा जीन एकाच पालकाकडून आला तर अंगावर सुंदर शिंतोडे येतात. दोघांकडून आला तर अंगाचा रंगच उडतो. मर्लला मर्ल लावला की सरासरी चारातलं एक पिल्लू असं निघतं. रंग देणाऱ्या पेशी कानाच्या आतही लागतात, त्या नसल्या की पिल्लू बहिरं होऊ शकतं, डोळे बारीक किंवा अधू राहू शकतात. हा जीन २००६ मध्येच सापडला आहे, म्हणजे पिल्लं काढणाऱ्याला हे माहीत नसणं शक्य नाही. नुसता निळा डोळा हा रोग नाही, साध्या मर्ललाही असतो. आई-बाप दोघं मर्ल असतील तर मात्र फुकटातही घेऊ नका. सोनेरी-तांबूस अंगावर मर्ल दिसतही नाही, त्यामुळे फोटोवर न जाता डीएनए रिपोर्ट मागा.

आता तो क्षण, जो रात्री झोपू देत नाही. व्हिडिओ कॉलवर त्याने ताट वाजवलं. पाच पिल्लं धावत आली. पांढरं तिथेच बसून राहिलं. मी विचारलंसुद्धा, "हे का येत नाही?" त्याने जमिनीवर पाय आपटला, तेव्हा ते वळलं. "बघा, किती शांत स्वभाव!" आणि मी, बारावी सायन्स झालेला माणूस, बायकोला म्हणालो, "संस्कारी आहे."

५,००० ॲडव्हान्स, ३३,००० नंतर, केसीआयच्या (केनेल क्लब ऑफ इंडिया) कागदांचे ४,५०० (कागद आजवर आले नाहीत), गाडीभाडं ३,२००. सगळं केळीच्या पट्टीतून. पिल्लू जेमतेम ४० दिवसांचं होतं. २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही आणि पिल्लं विकायला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. हे मला नंतर कळलं.

दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटले, गल्लीतली कुत्री खाटेखाली, आमची कुल्फी, म्हणजे तेच पिल्लू, गाढ झोपलेली. आम्ही अभिमानाने सांगत होतो, नीडर आहे म्हणून! मग शेतात मेंढ्या बसवायला ठेलारी आला. त्याने तिच्या मागे उभं राहून एक जोरदार शिट्टी मारली, थांबला, आणि म्हणाला, "भाऊ, हाई बहिरी शे. हिले ऐकू येत नही." जळगावच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. उजवा डोळाही बारीक आहे. शिट्टीवर चालणारी जात घेतली आणि शिट्टीच ऐकू येत नाही.

विकणाऱ्याने आधी "कानात मळ असेल" म्हटलं, मग ब्लॉक केलं.

पोलिसांकडे गेलो तर सगळं स्टेशन हसलं. "कुत्रं जिवंत आहे ना? मग फसवणूक कसली?" हेल्पलाइनवर सांगितलं, पैसे तुम्हीच पाठवले. बँकेचंही तेच. पशुसंवर्धनवाले म्हणाले, मंडळाला लिहा. मंडळाला तीन मेल केले, उत्तर शून्य. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवरचा माणूस म्हणतो, "पक्कं बिल कुठंय? आणि विकणारा पुण्याचा, मग पुण्यालाच जा." साहेब, २०१९ च्या कायद्यात ग्राहक राहतो तिथेही तक्रार करता येते, हे मी तुम्हाला सांगायचं का? चार चकरा, १,१०० रुपये पेट्रोल, तीन दिवस केळीचं पाणी चुकलं. मी मूर्ख ठरलो, ठीक आहे, पण ज्यांना पगार मिळतो त्यांनी निदान अर्ज तरी घ्यावा!

बिलाशिवाय रुपया देऊ नका. पिल्लू झोपलेलं असताना मागून, पाय न आपटता (हादरा बहिऱ्यालाही जाणवतो), किल्ल्या वाजवून बघा. बॉर्डर कोलीला गळ्याभोवती, पायांवर, शेपटीच्या टोकाला पांढरं चालतं, पण पांढरा रंग जास्त नसावा असं ब्रिटिश केनेल क्लबच्या मानकातच आहे. म्हणजे माझ्याकडून ज्याचे जास्त पैसे घेतले, तो दोषच होता. आणि ज्याच्यापासून ही जात पुढे चालली तो १८९३ चा ओल्ड हेम्प नावाचा कुत्रा मुख्यतः काळाच होता, रेअर नव्हता.

परवा शालकाच्या फोनवर त्या विकणाऱ्याचं स्टेटस दिसलं. तेच आई-बाप, नवी पिल्लं, "रेअर व्हाइट मर्ल, फक्त दोन शिल्लक", भाव ४२,०००. शालकाच्या नंबरवरून मी लिहिलं, "दादा, मागून शिट्टी मारल्याचा व्हिडिओ पाठवा." दोन निळ्या टिक आल्या. मग तोही नंबर ब्लॉक.