‘३०४’चा ठसा, ट्रायप्लायची ग्वाही आणि कढईचा निखळलेला कान

धनत्रयोदशीच्या सुमारास इंदूरमध्ये भांड्यांची खरेदी जोरात असते, आणि राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारातील गर्दी टाळण्यासाठी अनेक कुटुंबे घराजवळच्या सभागृहांत भरणाऱ्या तात्पुरत्या प्रदर्शनांकडे वळतात. रामबागेतील आमच्या घरी आलेला दोन पातेली, एक कढई आणि दांड्याचा एक तवा असा संच अशाच एका प्रदर्शनातला होता. विक्रेत्याने आम्हाला तीन गोष्टी ठामपणे सांगितल्या होत्या: स्टील ३०४ या चांगल्या प्रतीचे आहे, भांडी तळापासून काठापर्यंत ट्रायप्लायची, म्हणजे धातूच्या तीन थरांची आहेत आणि कान व दांडे रिवेट मारून बसवलेले आहेत. यांपैकी शेवटच्या दोन खोट्या निघाल्या आणि पहिलीला काही पुरावाच नव्हता. दिवाळीपूर्वी हीच भांडी घ्यायला निघालेल्यांसाठी हे सविस्तर लिहीत आहे.

त्याने पातेल्याच्या बाजूला लोहचुंबक लावून दाखवला. तो चिकटला नाही, म्हणून स्टील अस्सल ३०४ आहे, असे त्याचे म्हणणे होते. लगेच तोच चुंबक तळाला लावला आणि तो घट्ट चिकटल्यावर भांडे इंडक्शनवरही चालेल, असे सांगितले. पाहणाऱ्याला हे पटण्यासारखे असते. परंतु ३०४ प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, तर निकेल महाग असल्यामुळे २०१ आणि २०२ या स्वस्त प्रतींमध्ये त्याचा मोठा भाग काढून मँगनीज घातलेले असते, आणि या प्रतींनाही चुंबक जवळजवळ चिकटत नाही. म्हणजे या चाचणीने ३०४ आणि २०२ यांतला फरक कळूच शकत नाही. शिवाय इंडक्शनवर चालणाऱ्या ट्रायप्लाय भांड्यात आत ३०४, मध्ये ॲल्युमिनियम आणि बाहेर बहुधा ४३० प्रतीचे, चुंबकाला चिकटणारे स्टील असते, त्यामुळे चुंबक तळाला चिकटतो तसाच बाहेरून बाजूलाही चिकटायला हवा. आमच्या पातेल्यांना फक्त तळाशी जाड चकती जोडलेली होती. बाजू एकेरी, पातळ पत्र्याच्या होत्या. खीर करताना चकती जिथे संपते तिथे भिंतीलगत गोल करपलेला पट्टा उमटू लागला, तो यामुळेच, कारण उष्णता पसरवण्यात स्टेनलेस स्टीलपेक्षा कितीतरी पटींनी सरस असलेला ॲल्युमिनियमचा थर त्या बाजूंमध्ये नव्हताच.

पैशांच्या नुकसानीपेक्षा मला अधिक गंभीर वाटते ती कानांची गोष्ट. चकल्या तळून झाल्यावर कढई उतरवत असताना तिचा एक कान एका बाजूने सुटला आणि गरम तेल ओट्यावर सांडले. कोणाला भाजले नाही, हे आमचे नशीब. इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कारखान्यात अनेक वर्षे वेल्डिंगचे काम केलेल्या आमच्या शेजाऱ्यांनी तो कान पाहून सांगितले, “वहिनी, हे रिवेट नाहीतच, पत्र्यालाच दाबून काढलेले फुगवटे आहेत.” खरा रिवेट भांड्याच्या भिंतीतून आरपार जातो आणि त्याचे डोके आतल्या बाजूला हाताला लागते. आमच्या कढईची आतली बाजू गुळगुळीत होती आणि प्रत्येक कान स्पॉट वेल्डिंगच्या अवघ्या दोन टाक्यांवर उभा होता, त्यांपैकी एक टाका धड बसलाच नव्हता. वेल्डिंग मुळातच वाईट असते, असे मात्र नाही. रुंद पट्टीवर पुरेसे टाके असतील तर तो सांधा चांगला टिकतो आणि रिवेटच्या कडेला अन्न अडकून बसत नाही, हा त्याचा फायदाच आहे. तरीही तेल किंवा वरण भरून उचलायच्या मोठ्या भांड्यासाठी मी आता आरपार रिवेटच निवडते.

दांडा निवडताना तो हातात धरून, भांडे एका बाजूला कलवून पाहावे. पातळ पत्रा वळवून केलेल्या दांड्याची कड तळहाताला रुतते, आणि भांडे भरल्यावर ते असह्य होते. पोकळ दांडा तुलनेने उशिरा तापतो. भरीव दांडा मजबूत असला तरी जड असतो, आणि भांड्याजवळ तो दुभंगून दोन फांद्यांनी जोडलेला असेल तर उष्णता हातापर्यंत सावकाश पोहोचते. बॅकेलाइटचा, म्हणजे कडक प्लास्टिकचा दांडा फारसा तापत नाही. मात्र गॅसची ज्वाळा बाजूने वर आली की तो करपतो आणि त्याचा स्क्रू कालांतराने ढिला होतो. मोठ्या तव्याला दांड्यासमोर दुसरा छोटा कान असावाच.

निष्कारण कोणावर आळ येऊ नये म्हणून हेही सांगते: कठीण पाण्याचे पांढरे डाग आणि जास्त तापल्याने येणारी इंद्रधनुषी झाक चांगल्या स्टीलवरही दिसते. गार पाण्यात मीठ टाकून ठेवले तर ३०४ लाही बारीक खड्डे पडू शकतात.

संचावर ‘३०४’ असा ठसा होता, पण तो कोणीही उठवू शकतो. आयएसआय चिन्ह मात्र कुठेच नव्हते. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांना हे चिन्ह बंधनकारक करण्याचा आदेश केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये काढला होता. त्यांचे मानक आयएस १४७५६ आहे. चिन्हासोबतचा ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर घातला की उत्पादकाचे नाव दिसते. हे दुकानात उभ्या उभ्या, पैसे देण्यापूर्वी करता येते.

आमच्या हाती जो कागद होता त्यावर जीएसटी क्रमांक नव्हता, प्रत लिहिलेली नव्हती. फक्त ‘स्टील संच’ आणि रक्कम एवढेच होते. प्रदर्शन उठल्यावर विक्रेत्याचा फोन लागेनासा झाला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे, परंतु तोंडी दिलेली ग्वाही सिद्ध करणे अवघड आहे. म्हणून बिलावर ‘३०४’, ‘पूर्ण ट्रायप्लाय’ आणि ‘रिवेटचे कान’ हे शब्द लिहून मागावेत, आणि विक्रेता ते लिहायला तयार नसेल तर भांडे तिथेच ठेवून निघावे.