पाळणाघरातली पार्ट-टाइम नोकरी: दीड वर्षानंतरचा रिव्ह्यू

दीड वर्ष झालं इथे रोज चार तास काम करतेय, म्हणून आता लिहितेच. सगळ्यात चांगलं म्हणजे आजारपणाची पगारी रजा आम्हा पार्ट-टाइमवाल्यांनाही मिळते, तासांच्या हिशोबाने का होईना. आधीच्या ठिकाणी ती नव्हती, मग पोट बिघडलेलं असलं तरी यायचं आणि ते पोरांना लागायचं, खरं तर उलट्या-जुलाब थांबल्यावरही ४८ तास घरीच राहायला पाहिजे, आणि नुसत्या सॅनिटायझरने नोरोव्हायरस (उलट्या-जुलाबाचा एक विषाणू) नीट जात नाही, साबणाने २० सेकंद हात धुवावेच लागतात. इथे बेसिनजवळ क्रीमसुद्धा ठेवलंय, सारखं धुवून हात फुटतात ना!

डायपर बदलायचं टेबल कंबरेच्या उंचीचं आहे, माझी पाठ त्यामुळेच वाचली. मधला दहा मिनिटांचा ब्रेक मी आता सोडत नाही, न बोलता शांत बसते, त्यामुळे घसा पण सुधारलाय.

खटकतं एकच, पालक उशिरा आले की आम्ही थांबायचं आणि तो वेळ हजेरीत धरत नाहीत. कधी अर्धा तास, कधी पाऊण. मॅडमना दोनदा सांगितलंय, याचा नियम लेखी हवा म्हणून. तो येईपर्यंत ५ पैकी ४ स्टार.