स्वयम की कौशल्य केंद्राचा कोर्स?

दारव्ह्याचा भाचा बी.कॉम.ला आहे. विचारतो, मामा, कोणतं प्रमाणपत्र घेऊ? ‘शंभर टक्के नोकरी’चे फलक बाजूला ठेवू.

स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर शिकणं फुकट, प्रमाणपत्रासाठी परीक्षा शुल्क. कौशल्य केंद्राची फी जागोजागी वेगळी. सरकारी योजनेत असेल तर लागत नाही.

खरा मुद्दा मान्यतेचा. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात शिकण्याच्या ३० तासांना १ श्रेयांक (क्रेडिट), मग विषय अर्थशास्त्र असो की वेल्डिंग. म्हणून केंद्राच्या प्रमाणपत्रावर एनएसक्यूएफ (राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा) स्तर आणि श्रेयांक येतील का, हे पैसे भरण्याआधीच विचारायचं. उत्तर गोलमाल आलं तर उठून यायचं.

मेहनत? स्वयम मोबाइलवर जमतं, परीक्षेला मात्र केंद्र गाठावं लागतं. कौशल्य कोर्सला रोजची हजेरी. सोयाबीन काढणीत जड जातं.

पदवीत श्रेयांक जोडायचे तर कॉलेजला आधी विचारून स्वयम. हाताला लवकर काम हवं तर केंद्र.